निवेसाठी एक तंबू

घसरगुंडीच्या पायऱ्या चढणाऱ्या इशिताच्या जॅकेटची टोपी एका हाताने घट्ट धरून निहारिका म्हणाली, "हिमालय ना? त्यात काय एवढं! मी करते सगळी व्यवस्था." या वाक्यातली आणि त्या टोपीतली विसंगती तिच्या लक्षात आली नाही. समोर उभ्या असलेल्या इनमाच्याही आली नाही, कारण इनमाची स्वतःची मुलगी त्याच घसरगुंडीच्या वरच्या दांडीला उलटी लटकलेली होती आणि इनमा तिच्याकडे पाठ करून शांतपणे सफरचंद खात होती. स्पेनमध्ये मुलं अशीच वाढवतात की इनमा, याचा निर्णय निहारिकाने अजून दिला नव्हता.

दोघींच्या मुली ब्लँचर्डस्टाउनच्या एकाच पाळणाघरात होत्या. इनमा आणि तिचे डब्लिनमधले स्पॅनिश मित्र दर रविवारी डोंगर चढत. आयर्लंडचे सगळे डोंगर त्यांचे चढून संपले होते. त्याला फार वेळ लागला नव्हता, कारण इथले डोंगर माणूस तयारीत येईपर्यंत संपतात. आता त्यांना काहीतरी खरंखुरं उंच हवं होतं. निहारिकाने कॉलेजात असताना मनालीजवळची हंप्ता पास ही खिंड पार केली होती, चौदा हजार फूट, आणि हे तिने कधीतरी बोलण्याच्या ओघात सांगितलं होतं. ओघात सांगितलेल्या गोष्टी लोक लक्षात ठेवतात.

"एकच अट," इनमा म्हणाली. "तू बरोबर यायचंस. पुढे तू, मागे आम्ही."

निहारिका म्हणाली, "बघू." म्हणजे इंग्रजीत म्हणाली, पण अर्थ अस्सल मराठी 'बघू'चा होता. आपल्याकडे लग्नाच्या आमंत्रणाला, उसन्या शिडीला आणि चुलतभावाच्या धंद्यातल्या भागीदारीला जे 'बघू' म्हणतात, ते. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो हे लहान मुलालाही कळतं. इनमाला कळलं नाही. तिने सफरचंदासकट मिठी मारली.

आता खरी गोष्ट सांगायची तर इशिता चार वर्षांची होती आणि तिच्या जन्मापासून निहारिका एक रात्रही तिला सोडून झोपली नव्हती. तिचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. तेही ती हल्ली घरून, अर्धवेळ करत होती. उरलेल्या अर्ध्या वेळात ती घरातल्या चुका शोधे: टेबलाचे कोपरे, द्राक्षांचे आकार, खिडकीच्या कड्या. हिमालयात जाणं शक्यच नव्हतं. पण व्यवस्था करणं शक्य होतं, आणि ती करायची तिला मनापासून हाव सुटली होती. कारण ब्लँचर्डस्टाउनमध्ये तिला नावच उरलं नव्हतं. पाळणाघरात ती 'इशिताज मम्मी'. डॉक्टरकडे 'इशिताज मम्मी'. एकदा तर तिचीच दाढ दुखत होती, तेव्हाही डेंटिस्टची बाई दारात येऊन म्हणाली, "इशिताज मम्मी, आत या." एक तरी गोष्ट आपल्या नावावर पार पडावी, एवढीच तिची इच्छा होती. ती पार पडली की शेवटच्या क्षणी इशिताला सर्दी व्हायची सोय होतीच.

घरी बातमी सांगितली तेव्हा वेदांत सँडीफोर्डच्या ऑफिसातून नुकताच परतला होता. "जा की," तो लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. "आम्ही मॅनेज करू." नवऱ्याच्या पाठिंब्याने माणसाचा धीर किती खचू शकतो हे तिला त्या दिवशी समजलं.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. शोभनाबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "चौदा हजार फूट? कशाला गं? आपला दंडोबा काय वाईट हाय? वर देव तरी हाय."

"आई, त्यांना बर्फ हवाय."

"मग हितंच ऱ्हावा म्हणावं. थंडी काय कमी हाय व्हय?"

शेजारच्या ब्रीडाबाई रोज सकाळी कुंपणापलीकडून हवामान सांगायला येत. त्यांनी प्रवाशांची नावं विचारली. त्यात एक 'हेसूस' होता, म्हणजे लिहिताना चक्क जीझस. ब्रीडाबाईंनी कपाळापासून छातीपर्यंत हात फिरवला आणि म्हणाल्या, "तो स्वतः येतोय म्हणतेस? मग इन्शुरन्सवर कशाला पैसे घालवता?"

मनालीची बाजू उल्हासदादाकडे होती. उल्हासदादा म्हणजे तिच्या कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपचा म्होरक्या. आता मनालीतच राहून लोकांना डोंगरांवर नेत होता. फोनवर त्याने पहिलं वाक्य टाकलं, "तू काळजीच करू नकोस." निहारिकाने त्या क्षणापासून काळजी सुरू केली.

इनमाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून एकदम पाठवले. निहारिका आणि उल्हासदादा दोघे फोनवर एकेक नाव वाचत बसले. इनमा झाली, हेसूस झाला, पिलार नावाच्या बाई झाल्या, आंद्रेस झाला. मग आली मारिया होसे. आणि तिच्यामागोमाग होसे मारिया.

"नवरा-बायको दिसतात," उल्हासदादा म्हणाला.

"असणारच. मारिया होसे, म्हणजे होसेची मारिया." निहारिकाला यात तिळमात्र शंका नव्हती. तिच्या स्वतःच्या फोनवरही 'निहारिका वेदांत' असंच नाव होतं. पण दुसऱ्या नावापाशी ती थबकली. "अरे दादा, पण होसे मारिया? म्हणजे त्याने बायकोचं नाव लावलंय?"

"काय पुढे गेलेत रे लोक," उल्हासदादा हळूच म्हणाला.

निहारिकाचा ऊर भरून आला. तिने ते स्वयंपाकघरात जाऊन जाहीर केलं. वेदांतने जरा घाईने विषय बदलला. शोभनाबाईंनी मात्र लाटणं थांबवलं. "बायकोचं नाव लावतोय? आणि डोंगरावर पन बरोबर नेतोय? फोटो बघू." पासपोर्टच्या फोटोत दोघेही काळपट, गोल, ओळखू न येणारे होते. "साधी मानसं हायत," शोभनाबाईंनी निकाल दिला.

उल्हासदादा तर पेटलाच. मनाली हे मुळात मधुचंद्राचं गाव. ट्रेकच्या आदल्या रात्री त्या जोडप्यासाठी हॉटेलची खास खोली, पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या, टॉवेलचे दोन हंस, आणि नावं घातलेला केक, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. "त्यांना सांगू नकोस. सरप्राइज."

इथवर सगळं सुरळीत होतं. मग इनमाने तिला त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं.

ग्रुप पूर्ण स्पॅनिशमध्ये होता. निहारिका एकेक मेसेज फोनकडून भाषांतर करून घेऊन वाचायची. मराठीतलं भाषांतर वाचताना सगळे स्पॅनिश लोक सरकारी पत्रकासारखे बोलतात असं वाटे, म्हणून तिने ते इंग्रजीवर ठेवलं. त्यातून तिला पहिली गोष्ट कळली ती अशी की ग्रुपमध्ये पासपोर्टांवर नसलेली नावंही होती. एक 'चेमा' आणि एक 'माहो' नावाची बाई. या दोघांचे पासपोर्ट आलेच नव्हते, पण सगळ्यात जास्त मेसेज यांचेच. आणि सगळे भांडणाचे. चालण्याचा वेग, बुटांची कंपनी, काठी एक की दोन. आणि बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये कांदा घालावा की नाही यावरून तर एका रविवारी दुपारभर. चेमाचं म्हणणं होतं की कांदा न घालणारी माणसं मनाने कोरडी असतात. माहोने त्यावर जे लिहिलं त्याचं भाषांतर करायला फोनने नकार दिला.

आणि या गदारोळात ते गोड जोडपं, होसे मारिया आणि मारिया होसे, अवाक्षर बोलत नव्हतं.

"बघ," निहारिका वेदांतला म्हणाली, "सुखी माणसांना ग्रुपवर लिहायची गरजच पडत नाही."

"मी पण लिहीत नाही," वेदांत म्हणाला.

"तू घरात पण बोलत नाहीस. ते वेगळं."

दुसरी गोष्ट जास्त बोचरी होती. त्या ग्रुपवर कुणी 'निवे' होती. ती स्वतः काही लिहीत नसे. पण सगळे तिचा हवाला देत. थंडीचे मोजे किती जोड घ्यायचे? निवेला विचारा. उंचीची गोळी घ्यायची का? निवे सांगेल. निहारिकाने एकदा अर्धी रात्र जागून झोपायच्या पिशव्यांबद्दल माहिती टाकली, तर त्याखाली हेसूसने लिहिलं, "निवे आहे म्हणून आपण निश्चिंत." कष्ट हिचे आणि निश्चिंती निवेमुळे! निहारिकाने अंदाज बांधला की ही कुणी स्पेनमधली पट्टीची गिर्यारोहक असणार, उन्हाने रापलेली, दोऱ्या गळ्यात टाकून फिरणारी, मूल नसलेली.

शोभनाबाईंना ते नाव ऐकूनच संताप आला. "निवे म्हन! नाव निवे, आणि आमच्या पोरीचं डोकं तापवतीया."

पण अपमान गिळता गिळता निहारिकाला त्यात एक वाट दिसली. निवे येणार असेल तर पुढे चालायला निवे आहे. मग आपण कशाला? इशिताला उगाच सर्दीही व्हायला नको. तिने उल्हासदादाला कळवलं, "माझं नाव तूर्त घालू नकोस. निवे म्हणून एक बाई आहेत, त्यांच्यासाठी एक वेगळा तंबू ठेव. त्याच सगळ्यांना घेऊन जातील." हे कळवल्यावर तिला फार हलकं वाटलं, आणि थोड्या वेळाने फार वाईट वाटलं. दोन्ही एकाच कपातला चहा पितानाच.

उल्हासदादाचा मात्र वेगळाच घोर होता. "लीडरचे कागद मागाहून चालतात, पण त्या चेमा-माहोचे पासपोर्ट कुठायत? बाकीच्यांचं परमिट एकत्र निघतं. दोघांसाठी सगळा ग्रुप लटकेल."

इथे कुणीही माणूस चेमाला सरळ विचारेल. पण निहारिका पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीत वाढली होती. तिथे कुणालाही नाव घेऊन काही सांगत नाहीत, फलकावर लिहितात. तिने ग्रुपवर लिहिलं, 'काही सभासदांनी अद्याप पासपोर्ट दिलेले नाहीत. त्यांनी कृपया सहकार्य करावे.' सगळ्यांनी अंगठा दाखवला. चेमाने दोन अंगठे दाखवले. आठवड्याने तिने लिहिलं, 'काही सभासदांना पुन्हा स्मरण देण्यात येत आहे.' माहोने टाळ्या वाजवल्या. इनमाला पाळणाघराच्या दारात गाठून तिने आडून विचारलं, "सगळे पासपोर्ट आले म्हणतेस ना?" इनमा म्हणाली, "सगळे. ग्रँड." आयर्लंडमध्ये राहून ही बाई 'सगळं ठीक' या अर्थी 'ग्रँड' म्हणायला शिकली होती, आणि ग्रँड म्हटल्यावर पुढे बोलायला जागाच उरत नाही.

शेवटी एका शनिवारी उल्हासदादाने निर्वाणीचं सांगितलं, तेव्हा निहारिकाने मन घट्ट केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने नावं घेतली. 'प्रिय चेमा आणि माहो, वारंवार विनंती करूनही तुमचे पासपोर्ट न मिळाल्याने तुमच्या जागा रद्द करत आहे. क्षमस्व.' आणि फोन उलटा करून ठेवला.

पाच मिनिटांनी तिने तो सुलटा केला. चेमाने लिहिलं होतं, 'हे काय आहे?' त्याखाली माहोने लिहिलं होतं, 'हे काय आहे?' ग्रुपच्या इतिहासात त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्याखाली पिलारबाईंचं होतं, 'ते नसतील तर मीही नाही.' आंद्रेसचंही तेच. उल्हासदादाने आधीच बजावलं होतं की सहाच्या खाली माणसं गेली तर ट्रेक होणार नाही. आपल्या नावावर पार पडायची एकमेव गोष्ट आपल्याच हाताने ढासळताना निहारिका बघत राहिली. इनमाने फक्त एवढंच लिहिलं, 'उद्या भेटतोच आहोत. तिथे बोलू.'

उद्या म्हणजे रविवारी विक्लोमध्ये शुगरलोफ डोंगरावर सरावाची चढाई होती. चौदा हजार फुटांचा सराव शुगरलोफवर करायचा म्हणजे पोहण्याचा सराव बादलीत करण्यासारखं होतं. ब्रीडाबाई म्हणाल्या, "तिथे होय? मी लहानपणी चर्चच्या बुटांवर गेले होते."

निहारिका रात्रभर तळमळली, पण शोभनाबाई पहाटे उठून भडंग करत होत्या. सांगलीच्या माणसाला संकटावर एवढा एकच उपाय ठाऊक असतो. लसूण, शेंगदाणे आणि तिखटाच्या वासाने घरातला धूर मोजणारा गजर दोनदा वाजला. भडंगाच्या पुड्या बांधून निहारिकाने त्यांवर नावं लिहिली: इनमा, हेसूस, पिलार, आंद्रेस, होसे मारिया, मारिया होसे. थोडं थांबून तिने एक पुडी निवेसाठीही भरली. माणसाने मनाचा मोठेपणा सोडू नये. चेमा आणि माहोसाठी मात्र भरली नाही. मोठेपणालाही हद्द असते.

शुगरलोफच्या पार्किंगमध्ये बारीक पाऊस आडवा येत होता. वेदांत गाडीतच बसला. निहारिका एका हातात इशिताची टोपी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन उतरली. इनमाखेरीज बाकी कुणाला तिने प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. सहा जण उभे होते. त्यांतला एक दाढीवाला आणि एक लाल टोपीवाली बाई, दोघे एकमेकांपासून जितकं लांब उभं राहता येईल तितक्या लांब उभे राहून तिच्याकडे रागाने बघत होते. हेच चेमा आणि माहो, हे तिला न सांगता कळलं.

तिने ठरवलं, आधी भडंग. तिने पुड्या वाटायला घेतल्या. इनमाची इनमाला, हेसूसची हेसूसला. "होसे मारिया," तिने वाचलं आणि पावसात दूरवर नजर टाकली. ते जोडपं अजून आलं नव्हतं.

दाढीवाल्याने हात पुढे केला.

"नाही," निहारिका सौम्यपणे म्हणाली, "ही दुसऱ्या कुणाची आहे."

"माझी आहे."

"यावर होसे मारिया लिहिलंय."

"मीच तो."

"तुम्ही चेमा."

"हो."

निहारिकाने पुडी छातीशी धरली. माणूस परमिटसाठी खोटं बोलतो हे तिने ऐकलं होतं. भडंगासाठी बोलताना पहिल्यांदा पाहत होती. "हे बघा," ती म्हणाली, "होसे मारिया आणि त्यांची पत्नी येईपर्यंत आपण थांबू या. त्यांच्याशिवाय निघणं मला बरं वाटत नाही."

"पत्नी?" दाढीवाला म्हणाला.

"मारिया होसे."

लाल टोपीवाल्या बाईने मान मागे टाकली आणि ती इतक्या मोठ्याने हसली की गाडीतून वेदांतने काच खाली केली.

इनमाने तिला बाजूला घेऊन समजावलं. त्यांच्याकडे माणसाचं पहिलंच नाव दोन नावांचं असतं. होसे मारिया हा एकटाच बाप्या, मारिया होसे ही एकटीच बाई. त्यात कुणी कुणाचं कुणी नसतं. मग एवढं लांब नाव कोण घेणार? होसे मारियाचा होतो चेमा. मारिया होसेची होते माहो. सगळ्या स्पेनमध्ये होते.

निहारिकाच्या डोळ्यांसमोरून ते शांत, सुखी जोडपं पावसात विरघळून गेलं. तिला खरंच वाईट वाटलं. मग तिला हंस आठवले.

तिने खाली बघत, पुन्हा हाउसिंग सोसायटीच्या भाषेत, सगळं सांगून टाकलं: की काही सभासदांसाठी मनालीत मधुचंद्राची खोली राखून ठेवण्यात आली आहे, पाकळ्यांसह. आता हे दोघे तोंड फिरवून घरी जाणार आणि त्यांच्यामागे ट्रेकही जाणार, याची तिला खात्री होती.

"त्या खोलीत हीटर आहे?" माहोने विचारलं.

"आहे. बाथटबसुद्धा."

"मी घेते. चेमा बाहेर झोपेल."

"मी का बाहेर? केकवर माझंही नाव आहे!" चेमा म्हणाला.

"तुझं नाव म्हणजे माझंच उलटं घातलेलं."

दोघे भांडत भांडत डोंगर चढायला लागले, तेव्हा ट्रेक वाचल्याचं निहारिकाच्या लक्षात आलं. तिने चेमाची पुडी त्याच्या मागे पळत जाऊन दिली. त्याने बकाणा भरला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि खोकत माहोला म्हणाला, "बघ, यात कांदा आहे." नव्हता. लसूण होता. पण ही वेळ चुका शोधायची नव्हती.

बाकीच्यांच्या पुड्या दिल्यावर पिशवीत शेवटची एक उरली. "आणि निवे?" तिने इनमाला विचारलं. "त्या आल्या नाहीत का?"

इनमाला हसू आलं. "आता तू थट्टा करते आहेस."

"नाही गं. तुम्ही सगळे सारखं म्हणता ना, निवेला विचारा, निवे सांगेल. मी त्यांच्यासाठी तंबूसुद्धा ठेवलाय."

"तुझ्या फोनवर नाव काय आहे?"

"निहारिका वेदांत."

"निहारिकाचा नि," इनमा सावकाश म्हणाली, पाळणाघरात रंग शिकवतात तशी. "वेदांतचा वे. मारिया होसेची माहो, तशी निहारिका वेदांतची निवे. तुझं नाव केवढं लांब आहे, ठाऊक आहे? शिवाय आमच्याकडे बर्फाला 'निएवे' म्हणतात. सगळ्यांना आवडलं." मग तिने सहज विचारलं, "वेदांत म्हणजे काय? कुणी संत आहेत का?"

निहारिकाने गाडीकडे पाहिलं. संत काचेमागे बसून भडंग खात होते. "नवरा आहे माझा."

"मग त्याला चौदा हजार फुटांवर कशाला वाहून नेतेस?"

झोपायच्या पिशव्यांची रात्र, मोजे, गोळ्या, आणि 'निवे आहे म्हणून आपण निश्चिंत' हे सगळं तिच्या डोक्यात निहारिकाच्या एकामागून एक आपापल्या जागी जाऊन बसत होतं. गेले कितीतरी दिवस ती जिच्यावर जळत होती, ती उन्हाने रापलेली बाई पावसात भिजून, नाक गळत, तिच्याच बुटांत उभी होती.

"मम्मी, माझी टोपी सोड," इशिता खालून तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली. "आय ॲम ग्रँड."

तेवढ्यात फोन वाजला. मनालीहून उल्हासदादा होता. "काय ठरलं? ग्रुप आहे की मोडला?"

"आहे. पण चेमा आणि माहो वेगळे नाहीत, तेच ते नवरा-बायको. आणि ते नवरा-बायको नाहीत."

उल्हासदादा थेट हिशेबावर आला. "हंस ठेवू की काढू?"

"ठेव. खोली बाईंची. दोघांना वेगवेगळे तंबू."

"बरं. आणि त्या निवे मॅडमचं काय? त्यांचा तंबू ठेवायचा ना? का त्या पण कुणीतरी दुसऱ्याच निघाल्या?"

निहारिकाने टोपी सोडली होती. इशिता चिखलातून इनमाच्या मुलीमागे वर पळत होती, जरा जास्तच वेगाने.

"ठेव," ती म्हणाली.

"येणार ना नक्की? तुझं ते 'बघू' नको हं."

"येणार."

"अनुभव आहे का त्यांना काही?"

"हंप्ता एकदा केलाय, कॉलेजात असताना," निहारिका म्हणाली आणि उरलेली पुडी फोडून तिने तोंडात घास टाकला. "जरा घाबरट आहे. पण पुढे तीच चालेल."